भिंगरी, लेव्हल एक

"वहिनी, तुम्ही मागे थांबा," जावेद म्हणाला.

मी मागे थांबले. म्हणजे मी आपली नाशिकच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलापाशी, चिवड्याची वाटी घेऊन बसले होते. मागे थांबली ती भिंगरी. भिंगरी हे माझं पात्र. वय एकोणीस, खांद्याला धनुष्य, पाठीवर घोंगडी, लेव्हल एक. पुढे गुहेच्या तोंडाशी लांडगे गुरगुरत होते आणि आमची फौज त्यांच्यावर तुटून पडली होती. माझा नवरा तुषार, म्हणजे सरदार रायभान, लेव्हल अकरा. सोनल, म्हणजे मांत्रिक धूम्रा, लेव्हल अकरा. जावेद, म्हणजे वाटाड्या सटवाजी, तोही अकरा. दोघंही तुषारचे जुने दोस्त.

"एक बाण तरी मारू का?" मी विचारलं.

"कशाला उगाच, वहिनी? एक पंजा लागला तर संपाल तुम्ही."

"मग मी काय करू?"

"मशाल धरा," सोनल म्हणाली. "मशाल फार महत्त्वाची असते."

मी मशाल धरली. लांडगे मेले. तिघांना पॉइंट मिळाले, मला भोपळा.

हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, नाहीतर आमच्या मावशीसारखं "पत्ते का गं?" असं विचाराल. यात एक सूत्रधार असतो. आमचा सूत्रधार हेमंत शिरसाठ. आठवडाभर कॉलेजात गणित शिकवायचा आणि रविवारी दुपारी आमच्याकडे येऊन डोंगर, दऱ्या, राक्षस उभे करायचा. समोर काय दिसतंय ते तो सांगणार, आपण काय करतोय ते आपण सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. जिवावरचं संकट पार पाडलं की पॉइंट मिळतात, पॉइंट साठले की लेव्हल वाढते, लेव्हल वाढली की अंगात बळ येतं. हेमंतचे दोन कायदे होते. नवीन माणूस, मग तो कुणीही असो, लेव्हल एकपासून. आणि पॉइंट त्यालाच, जो स्वतःचा जीव धोक्यात घालेल. सख्ख्या भावालासुद्धा त्यानं एकपासून बसवलं होतं. तो बिचारा दोन रविवारांत पळाला.

आता यातली गोम बघा. माझी लेव्हल एक, म्हणून मला धोक्यात जाऊ द्यायचं नाही. धोक्यात गेले नाही, म्हणून पॉइंट नाहीत. पॉइंट नाहीत, म्हणून लेव्हल एक. पोहता येत नाही म्हणून पोरीला पाण्यात सोडायचं नाही, आणि मग म्हणायचं, हिला पोहता कुठं येतं? माझ्या लग्नाला पाच महिने झाले होते. तेवढ्यात त्या तिघांची दहाची अकरा झाली आणि मी आपली एकच.

बरं, माणसं वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. पण तिघंही सोन्यासारखी. जावेद माझ्यासाठी आठवणीनं शेव आणायचा, सोनल मला फाशांचे नियम परत परत समजावून सांगायची. आणि लढाई सुरू झाली की तिघं एका सुरात, "वहिनी, मागे!"

मी इचलकरंजीची. आमच्या घराखालीच यंत्रमाग, दिवसभर खडखडाट. आमच्याकडे "मीठ दे" म्हणायचं तरी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावं लागतं. तुषारच्या घरात मात्र सगळे असे बोलायचे की जणू शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाईंनी सासूबाईंना हळूच विचारलं, "काही वाद झाला का हो घरात?" वाद कसला, मी माहेरी फोन करत होते. त्या दिवसापासून मी माझा आवाज कमी करून टाकला. गाव नवीन, नोकरी अजून लागायची होती, ओळखीचं काळं कुत्रं नाही. आठवड्यातून एकदा माणसं घरी यायची ती या खेळासाठी, आणि त्या टेबलावर मला खुर्ची होती.

खुर्ची होती, पण किस्सा नव्हता. त्या तिघांचे आणि हेमंतचे सहा वर्षांचे किस्से होते. जावेदनं नुसतं "पुलाखालचा म्हातारा" म्हटलं की चौघं पोट धरून हसायची. मग सोनल डोळे पुसत माझ्याकडे वळून म्हणायची, "वहिनी, त्याचं काय झालं, एकदा ना..." समजावून सांगितलेला किस्सा म्हणजे गार झालेली भजी. खाता येतात, पण कशाला खायची? मला त्या टेबलावर माझा एक किस्सा हवा होता. ज्यात मी असेन, आणि मागाहून आलेल्या कुणाला तरी तो समजावून सांगावा लागेल. एवढंच. पण ते 'एवढंच' मला इतकं हवं होतं की एका रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात तुषारला गाठलंच.

"आज मला लांडगा पाहिजे," मी म्हटलं.

"काय?"

"लांडगा, वाघ, विंचू, तुमच्याकडे असेल ते. आज मला मार बसला पाहिजे."

सासूबाई खाली बसून मटार सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

"अगं, तू मरशील," तुषार म्हणाला.

"मरू दे की!"

"कांचन, हळू."

"हळूच बोलतेय मी!"

तो दार लोटून परत आला. "हे बघ, मी हेमंतशी बोलतो. तुला एकदम लेव्हल नऊ देऊ म्हणतो. सगळे हो म्हणतील. तुला कोण नाही म्हणणार आहे?"

"तेच तर! मला कोण नाही म्हणणार आहे? मी पडले वहिनी. आयती लेव्हल घेऊन काय करू, लोणचं घालू?"

"मग तुला नक्की काय हवंय?"

"मला त्या टेबलावर माणसात धरा, एवढंच हवंय. आणि सांगून ठेवते, आज जर मला मागे थांबवलंत ना, तर पुढच्या रविवारपासून मी बसणार नाही. तुम्ही तिघं खेळा. मी पाहुण्यांना करतात तसा चहा करून देईन, साखर विचारून."

तुषारचं तोंड एवढंसं झालं. साखरपुड्याच्या आधीपासून तो मला या खेळाबद्दल सांगत होता. भिंगरीचं चित्रही त्यानंच काढून दिलं होतं, दोन वेण्यांचं. तो काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "चहाचं आलं संपलंय. घेऊन ये." आणि पुन्हा मटार सोलायला लागल्या. आमच्या खेळाला त्या 'तुमचं ते भुताखेतांचं' म्हणायच्या आणि दुपारी आतल्या खोलीत पोथी घेऊन बसायच्या.

दुपारी सगळे जमले. त्या रविवारी हवेतच काहीतरी होतं. दोन वर्षं ही मंडळी खेळातल्या सूर्यमण्याच्या मागावर होती आणि आज तो मिळणार होता. सोनल तर नवीन ड्रेस घालून आली होती.

खेळ सुरू झाल्या झाल्या तुषार म्हणाला, "आज भिंगरीला जरा पुढे घेऊ या का?"

"वेडा आहेस का?" सोनल म्हणाली. "आज? आज तिला काही झालं म्हणजे? पुढच्या वेळी नक्की, वहिनी. प्रॉमिस."

झालं. तुषारनं माझ्याकडे पाहिलं. मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसले.

दुपारभर तुंबळ लढाई झाली. डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी खडकासुराला डिवचलं. खडकासुर म्हणजे दगडाचा राक्षस, देवळाएवढा उंच. त्याच्याशी लढता लढता जावेदचे सगळे बाण संपले. सोनलचे मंत्र संपले. रायभानाची जीवशक्ती एवढी घटली की कुणी शिंकलं असतं तरी तो पडला असता. शेवटी तिघं कशीबशी निसटली, आणि मी त्यांच्या मागून खेचर ओढत निघाले. त्या खेचरावर सगळ्यांचं सामान होतं. माझ्या भात्यातला एकही बाण कमी झाला नव्हता. पाच महिन्यांत मारायला मिळालाच नव्हता ना!

"आता समोर दरी आहे," हेमंत म्हणाला. त्याचा आवाज अशा वेळी खोल जायचा. "दरीवर जुना दोरांचा पूल. पलीकडे देऊळ. देवळाचं दार उघडं आहे आणि आत सूर्यमण्याचा उजेड दिसतोय. पण सूर्य मावळला की दार बंद होणार. मग शंभर वर्षं उघडणार नाही."

"पूल कसा आहे?" जावेदनं विचारलं.

"कुजलेला."

तिघांची कुजबुज झाली. मग जावेद अगदी प्रेमानं म्हणाला, "वहिनी, तुम्ही खेचर घेऊन इथंच मागे थांबा. पूल धोक्याचा आहे. आम्ही मणी घेऊन येतोच."

मी तुषारकडे पाहिलं. तो हातातल्या कागदाकडे बघत होता. "पूल खरंच कुजका आहे गं," तो पुटपुटला.

"थांबते की," मी म्हटलं. मनात म्हटलं, चला, पुढच्या रविवारी चहा. त्या क्षणी मला इचलकरंजीची फार आठवण आली. मी उगाचच पाणी प्यायले.

तिघांनी फासे टाकले. एक एक करून पूल पार केला. सोनलनं टाळी वाजवली. आणि हेमंत माझ्याकडे वळला. एरवी तो माझ्याकडे वळायचा ते "अजून चहा मिळेल का?" विचारायला.

"ते तिघं पलीकडे पोचलेत," तो म्हणाला. "अलीकडे, भिंगरीच्या मागे, दरड कोसळल्यासारखा आवाज येतोय."

सोनल खुर्चीत पुढे सरकली.

"खडकासुर?" सोनल म्हणाली.

"खडकासुर. तुमचा माग काढत आलाय. आणि त्याच्या वाटेत एकटी भिंगरी उभी आहे."

आता बोला! पाच महिने मला सुरक्षित ठेवायला म्हणून मागे ठेवलं, आणि राक्षस आला मागून.

"पळ!" तुषार ओरडला. "पूल ओलांडून ये!"

"बाण मार रे जावेद!"

"कुठले बाण? भाता रिकामा आहे माझा!"

"सोनल, मंत्र!"

"संपले ना! सगळे संपले!"

मी त्या तिघांकडे पाहिलं. अकरा, अकरा आणि अकरा, आणि तिघांत मिळून एक धड माणूस नाही. मी पळत पलीकडे गेले असते तर खडकासुर माझ्या मागून पलीकडे आला असता. मग रायभान पहिल्या फटक्यात गेला असता, त्याच्यामागे बाकीचे. सहा वर्षांची पात्रं. हे त्यांनाही कळत होतं. मी हेमंतकडे वळले.

"मी बाण मारते," मी म्हटलं.

"वहिनी, काय उपयोग? त्याला गुदगुल्यासुद्धा होणार नाहीत!"

"नकोच आहे उपयोग. त्याला राग आला पाहिजे. खडकासुराच्या नाकावर मारते."

माझा पहिला बाण. फाशावर चौदा पडले. लागला की! हेमंत म्हणाला, "नाकाचा टवका उडाला. तो चवताळलाय. आता त्याला दुसरं कुणी दिसत नाहीये."

"खेचराला रानात हाकलते. आणि मी पुलावर पळते. मधोमध जाऊन थांबते."

"थांबते?" तुषार उठून उभा राहिला. "थांबते कशाला? पुढे ये!"

"तो पुलावर आला का माझ्यामागे?" मी हेमंतला विचारलं.

"आला. पूल करकरतोय."

"मग मी कमरेची सुरी काढते आणि पुलाचा दोर कापते."

हेमंतची एक सवय होती. कुणी जिवावरचं काही करायला निघालं की तो हातातलं पेन खाली ठेवायचा आणि विचारायचा, "नक्की?" या टेबलावर सगळ्यांना त्यानं तसं विचारलेलं मी ऐकलं होतं. मला कधी विचारायची वेळच आली नव्हती.

त्यानं पेन खाली ठेवलं. "दोर कापला तर तुम्हीही खाली जाल, वहिनी. तुमची जीवशक्ती चार. दरी खोल आहे. नक्की?"

आणि मग टेबलावर जे काही सुरू झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"ए नाही हं! अजिबात नाही!" सोनल किंचाळली. "भिंगरे, पळ! पळ म्हणते ना!"

"अगं ए बावळट!" हे जावेदनं म्हटलं. मला शेव आणणाऱ्या जावेदनं. "मूर्ख आहेस का तू? मरशील ना! कांचन, अगं ऐक जरा!"

"हेमंत, हिचं ऐकू नकोस, हिला काही कळत नाही!" तुषार म्हणाला.

"मला सगळं कळतंय!" मी उठले, आणि पाच महिने कोंडून ठेवलेला माझा इचलकरंजीचा आवाज एकदम बाहेर पडला. भिंतीवरचं कॅलेंडर हललं म्हणतात, पण ती जावेदची थाप. "कुणी मध्ये बोलायचं नाही! माझी पाळी आहे! दोर कापायला किती लागतील, हेमंत?"

"अठरा किंवा वर," हेमंत म्हणाला. तोही आता उभा होता. "लेव्हल एकच्या मनगटात तेवढाच जोर असतो."

"आण इकडे फासा."

फासा हातातून दोनदा निसटला. मग टाकला. तो चिवड्याच्या वाटीला आपटला, फिरला, थांबला.

एकोणीस.

हेमंतनं खाली बसून हळू आवाजात सांगितलं. दोर तुटला. पूल मधोमध दुभंगला. खडकासुर दरीत गेला आणि तळाच्या दगडांवर आपटून फुटला. आणि त्याच्याबरोबर दोन वेण्यांची एक मुलगी खाली गेली, ती शेवटपर्यंत ओरडली नाही. "भिंगरी गेली," तो म्हणाला.

सोनलनं तोंडावर हात ठेवला. तुषारचा चेहरा तर पांढराफटक. आणि मी? मी दोन्ही हात वर करून घरभर नाचायला लागले.

"मेले! मी मेले! अहो आई, मी मेले!"

आतल्या खोलीत काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला आणि सासूबाई धावत बाहेर आल्या. चष्मा कपाळावर, पदर एकीकडे. "शुभ बोल गं बाई! काय झालं काय?"

"पूल तोडला मी! राक्षस मेला! मी पण मेले!"

"तू तोडलास?" त्या म्हणाल्या. "आणि हे तिघं काय करत होते?"

तिघांनी माना खाली घातल्या.

"बरं," हेमंत घसा साफ करत म्हणाला, "तुम्ही तिघं पलीकडे आहात. देवळाचं दार समोर आहे. सूर्य मावळायला आलाय. काय करता?"

दोन वर्षांची वाट. मणी हाताच्या अंतरावर. मी खुर्चीत बसले, चिवडा घेतला आणि म्हटलं, "जा, जा, पटकन घ्या! माझं काही नाही आता, मी निवांत आहे."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. जावेदनं आपला कागद ओढून घेतला.

"दरीत उतरायला वाट आहे का?" त्यानं विचारलं.

"दरीत?" हेमंत म्हणाला. "खाली जाल तर परत येईपर्यंत दार बंद होईल."

"मी वाट विचारली. वाट आहे का?"

"खाली काही नाहीये, जावेद. पॉइंटसुद्धा नाहीत."

"नसू देत," सोनल म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "तिला काय तिथंच टाकून जायचं? आमच्यातली आहे ती."

तुषारनं रायभानाचं चिलखत उतरवून ठेवलं, म्हणजे कागदावर रेघ मारली, कारण चिलखत घालून कडा उतरता येत नाही. त्या चिलखतासाठी तो म्हणे एक अख्खा पावसाळा एका ड्रॅगनशी लढला होता.

मी सांगते, त्या दिवसाची लढाई एकीकडे आणि ते दरीत उतरणं एकीकडे. हेमंतनं पण सोडलं नाही त्यांना. कडा निसरडा, काटे, खाली धुकं. जावेदनं कमावलेली सोन्याची साखळी दोराला अडकवायला वापरली आणि ती तुटून पडली. सोनलनं उजेडासाठी आपल्या मंत्रांच्या पोथीची पानं एक एक करून पेटवली. वर देवळाचं दार बंद झाल्याचा आवाज आला, तर कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

सासूबाई अजून दारातच उभ्या होत्या. "पाण्याच्या कडेनं बघा," त्या अचानक म्हणाल्या. "खालचा ओढा डाव्या अंगाला वाहतो ना? मागच्या महिन्यात तुम्ही तिथंच तंबू ठोकला होता."

सगळ्यांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? भिंत केवढी पातळ आहे या घराची," त्या म्हणाल्या आणि स्टूल ओढून टेबलाशी बसल्या.

भिंगरी ओढ्याकाठीच सापडली. तिघांनी तिला कोरड्या जागी आणलं. दगड रचले. मग हेमंत म्हणाला, "निरोपाचं कुणाला काही बोलायचं असेल तर बोला." त्याला वाटलं असेल, एखाद्या वाक्यात उरकेल.

मी म्हटलं, "बोला, बोला, माझ्याबद्दल चांगलं बोला." आपल्याच तेराव्याला पहिल्या पंक्तीला बसायचं भाग्य कुणाला मिळतं?

सोनलनं सुरुवात केली. "पावसात एकदा माझी पोथी भिजायला लागली होती. हिनं स्वतःची घोंगडी काढून पोथीवर टाकली आणि रात्रभर ओली बसली. मी थँक्यू पण म्हटलं नाही. माझ्या लक्षात होतं, पण राहून गेलं."

माझा हात वाटीतच राहिला. ते मी एकदाच, चहा ओतता ओतता म्हटलं होतं. "भिंगरी पोथीवर घोंगडी टाकते." कुणी ऐकलं असेल असं मला वाटलंच नव्हतं.

जावेद म्हणाला, "मी सहा वर्षं या टोळीचा वाटाड्या आहे. पण मागच्या चार गुहांत वाट मी शोधलेली नाही. ही येताना कोळशानं भिंतीवर खुणा करत यायची. परतताना त्या बघत मी पुढे चालायचो आणि ऐटीत सांगायचो, इकडून चला." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "सॉरी, यार."

सासूबाई म्हणाल्या, "आणि खेचराला रोज पाणी हीच पाजायची. तुम्हाला कुणाला सुचायचं नाही. रानात तहानलेलं फिरत असेल आता ते."

"काकू, सापडेल ते," हेमंत म्हणाला. "मी बघतो." त्यानं खरोखर कुठंतरी लिहून घेतलं.

राहिला तुषार. तो किती तरी वेळ त्या वीस बाजूंच्या फाशाशी चाळा करत बसला होता. आधीच मितभाषी, त्यात मित्रांसमोर. मला वाटलं, आता हा काहीतरी विनोद करून वेळ मारून नेणार.

"रायभान म्हणतो," त्यानं सुरुवात केली आणि थांबला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सहा वर्षं लढताना माझी मान सारखी मागे वळायची. कोण येतंय, कुठून येतंय. पाठीत दोनदा तलवार खाल्लीय मी. ही आल्यापासून एकदाही मागे वळून बघावं लागलं नाही. मला वाटायचं, मी हिला सांभाळतोय." त्यानं फासा खाली ठेवला. "ती होती म्हणून मी पुढे जात होतो. आज ती मागे नसती तर आम्ही कुणीच उरलो नसतो. मी हे तिला आधी सांगायला हवं होतं."

सोनल उघड उघड रडत होती. आणि मी, जी लग्नात सासरी निघताना आईच्या गळ्यात पडूनसुद्धा रडले नव्हते, "पोरगी दगडाची आहे" असं आत्यानं जिला म्हटलं होतं, ती मी त्या चिवड्याच्या वाटीवर ओक्साबोक्शी रडायला लागले. आणि रडणंही आमच्या इचलकरंजीच्या आवाजात. आनंदानं इतकं रडू येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. दारावरची बेल वाजली. शेजारच्या बाई विचारत होत्या, "सगळं ठीक आहे ना?"

"सगळं छान आहे!" सासूबाईंनी आतूनच ओरडून सांगितलं. त्यांना एवढ्या मोठ्यानं बोलताना तुषारनंसुद्धा पहिल्यांदाच ऐकलं असावं.

मग त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत तुषारकडे वळल्या. "एवढं चांगलं बोलता येतं तुला? घरात कधी असं बोललास का रे हिच्याशी?"

तुषारनं नाक पुसलं. "बाहेर मी अकरा आहे गं आई," तो म्हणाला. "घरात माझी लेव्हल अजून एकच आहे."

जावेद हसता हसता खुर्चीवरून खाली पडला.